डोक्यातलं उधाण आणि बडोद्याची दोन माणसं



बडोदा म्हटलं की लोकांना राजवाडा आठवतो, सयाजीराव महाराज आठवतात, कुणाला हिरवा चिवडा आठवतो. आपल्या किनाऱ्यावरच्या काही घरांना मात्र बडोद्याचं रेल्वे स्टेशन आठवतं. डहाणू-तलासरीकडची पोरं वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. हद्द ओलांडली म्हणून पाकिस्तानने बोट धरली की माणसं थेट कराचीच्या तुरुंगात. सुटका झाली की अटारीला ताबा मिळतो, तिथून रेल्वेने बडोदा आणि बडोद्याहून बसने वेरावळ. मे २०२३ मध्ये असे १९८ मच्छीमार सुटले. त्यातले १८४ गुजरातचे होते. ते बडोद्याला उतरले तेव्हा स्वागताला राज्याचे मंत्री हजर होते. उरलेल्यांत थोडे आपल्या महाराष्ट्राचेही होते.

आज आम्हाला त्या गाडीतून उतरलेल्यांपेक्षा त्यांची वाट बघत घरी बसलेल्यांबद्दल बोलायचं आहे. माणूस जिवंत आहे हे माहीत, कधी येईल ते माहीत नाही. फोन नाही, पत्र आलं तर आलं. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला वेळेवर. अशा घरातली बाई दिवसभर काम करते, चार माणसांत हसते, आणि रात्री दोन वाजता छताकडे बघत पडून राहते. तिला कुणी विचारत नाही की बाई, तुझं कसं चाललंय.

हे टोक झालं. पण याच गोष्टीचे छोटे अवतार आपल्या प्रत्येक घरात आहेत. बोट परवा यायची होती, आज दिवस मावळला तरी पत्ता नाही. डिझेल-बर्फाचाही खर्च निघाला नाही. हंगामाच्या तोंडावर उचल घेतलेले दोन खलाशी दुसऱ्याच बोटीवर गेले. नाखव्याला वाटतं तांडेल नीट बघत नाही, तांडेलाला वाटतं नाखवा नुसता हिशोब बघतो, आणि घरी येऊन दोघेही ओरडतात ते पोरांवर. रात्री झोप नाही म्हणून क्वार्टर. क्वार्टरने डोळा लागतो खरा, पण पहाटे तीनला टक्क जाग, मग सकाळी पुन्हा चिडचिड. बायकांचं पित्त, डोकेदुखी, बीपीची गोळी. याला आपण 'टेन्शन' असं एकच नाव दिलंय. नाव दिलं की विषय संपला, असं आपण धरून चालतो.

विषय काढलाच कुणी, तर उत्तर ठरलेलं असतं. "ते ध्यानबिन आपलं काम नाय रे, ते एसीत बसणाऱ्यांचं." आमचं मत याच्या बरोबर उलटं आहे. ज्याच्या पायाखालची फळी चोवीस तास हलते त्यालाच मन एका जागी बसवण्याची जास्त गरज आहे. आणि ही विद्या कुणा परदेशी कंपनीच्या ॲपमधून आलेली नाही. तिच्या अलीकडच्या इतिहासात दोन मराठी माणसं आहेत आणि दोघांचाही संबंध बडोद्याशी आहे. म्हणून परत बडोद्याला जाऊ, पण स्टेशनावर नाही, शंभर-सव्वाशे वर्षं मागे.

बडोदा तेव्हा गायकवाडांचं संस्थान. अरविंद घोष तिथे १८९३ पासून १९०६ पर्यंत नोकरीला होते, कॉलेजात शिकवत होते. पुढे ते बंगालात गेले आणि स्वातंत्र्याच्या लढाईत पडले. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेची काँग्रेस फुटली, जहाल-मवाळ वेगळे झाले. त्या सगळ्या धुमश्चक्रीतून जानेवारी १९०८ मध्ये अरविंद बडोद्याला आले. मागे सरकारचा ससेमिरा, पुढे काय होईल सांगता येत नाही. म्हणजे टेन्शन म्हणाल तर आपल्यापेक्षा कमी नव्हतं. तिथे त्यांना विष्णु भास्कर लेले नावाचे एक मराठी योगी भेटले. नाव नाही, गाजावाजा नाही. शिकण्या-सवरण्यात अरविंद त्यांच्या कितीतरी पुढे. तरी सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत दोघे तीन दिवस बसले.

लेल्यांनी सांगितलं ते इतकं साधं की ऐकून हसू यावं. बस. विचार करू नकोस. विचार येताना दिसेल, तो बाहेरून येतोय असं बघ, आणि आत शिरायच्या आधी त्याला परत लाव. बस्स, एवढंच. अरविंदांनी पुढे स्वतः सांगितलं आहे की त्या तीन दिवसांत त्यांचं मन पूर्ण शांत झालं. मग त्यांना मुंबईत भाषण करायचं होतं आणि डोकं तर रिकामं! लेले म्हणाले, सभेला नमस्कार कर आणि थांब, शब्द येतील. १९ जानेवारी १९०८ ला ते तसेच उभे राहिले आणि भाषण झालं. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांना अटक झाली आणि वर्षभर अलीपूरच्या तुरुंगात काढावं लागलं. मन शांत झालं म्हणून पुढची वादळं काही टळली नाहीत.

आपल्याला तीन दिवसांत असं काही होणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. अरविंदांसारखी माणसं शतकात एखादी. पण लेल्यांची युक्ती आपल्याला कळायला सोपी आहे, कारण आपण बंदरावरची माणसं. बंदरात दिवसभर होड्या येतात-जातात. दिसली ती प्रत्येक होडी आपण आपल्या धक्क्याला बांधून घेतो का? "बोट का आली नाही" ही एक होडी. "मागच्या वर्षी अमक्याची बोट बुडाली" ही दुसरी. "व्यापारी पैसे बुडवणार" ही तिसरी. येऊ दे. बघायची. जाऊ दे. आपण काय करतो, तर पहिलीलाच दोर टाकतो, मग तिच्या मागून दहा येतात आणि रात्रीचे दोन वाजतात.

दुसरा माणूस जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, गाव डभोई, म्हणजे बडोद्याच्या जवळच. बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात त्यांनी अंग घडवलं. पुढे नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग शिकले. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. मुंबई-पुणे गाडीने गेलेल्यांनी ते नाव ऐकलं असेल.

आम्हाला या माणसाचं एक फार आवडतं. गुरूंनी सांगितलं म्हणून खरं, असं म्हणून ते थांबले नाहीत. १९२० च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना उड्डियान आणि नौली करायला लावलं आणि त्या वेळी पोटात नेमकं काय होतं ते क्ष-किरणांखाली तपासलं. पुढे कैवल्यधामात हीच पद्धत. करा आणि मोजा. रक्तदाब मोजा, श्वास मोजा, छापून काढा. त्यासाठी 'योगमीमांसा' नावाचं नियतकालिकच काढलं. फिश फाइंडर घेताना आपण दुकानदाराच्या गोड बोलण्यावर जात नाही, दुसऱ्याच्या बोटीवर बघतो, चालतंय का. गुण्यांची रीत तीच होती.

मोजून कळलेली आणि आज कोणताही डॉक्टर मान्य करील अशी एक गोष्ट सांगतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित उतरतात. मनगटावर बोट ठेवून बसलात तर काहींना हे स्वतःलाही जाणवेल. म्हणून सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांबवला की शरीराला आतून निरोप जातो, धोका टळला, आता ढिलं सोड. चार मोजत नाकाने आत. सहा मोजत बाहेर. ओढाताण नाही, छाती फुगवून दाखवायची नाही. चार-सहा जमत नसेल तर तीन-पाच करा. पाच मिनिटं. एवढ्याने कर्ज फिटणार नाही, पण ज्या माणसाशी भांडायला निघाला होता त्याच्याशी बोलता तरी येईल.

आता "वेळ कुठे आहे" हा सवाल. आम्ही थोडा हिशोब केला. बोट मासळी उतरवायला लागते आणि लिलाव सुरू व्हायला वेळ असतो, तेव्हा आपण काय करतो? मोबाईल. बर्फाची गाडी यायची आहे, मोबाईल. डिझेलच्या रांगेत, मोबाईल. वेळ आहे हो. तो कुठे जातो हे आपल्याला माहीत आहे.

आणि काही कामं तर अशी आहेत की तीच ध्यान आहेत, आपण फक्त तसं बघत नाही. जाळं शिवायला बसलेला जुना माणूस बघा. सुई, दोरा, डोळा, गाठ. सुई, दोरा, डोळा, गाठ. तासभर तो कुणाशी बोलत नाही आणि उठतो तेव्हा त्याचा चेहरा झोप झाल्यासारखा असतो. आजकाल जाळ्याशेजारी मोबाईलवर कसलीतरी रील चालू असते, मग हात जाळ्यात आणि डोकं भलतीकडेच. आमची एक सूचना आहे. बंदीच्या दिवसांत जाळं शिवायला बसाल तेव्हा पहिली वीस मिनिटं मोबाईल घरात ठेवून बघा. गाठ मारताना गाठीकडेच बघा. मन पळालं की ओरडायचं नाही, पुढच्या गाठीला परत आणायचं. मन पळणारच, त्याचा तो धर्म आहे.

पूर्वी जाळं ओढताना, शीड चढवताना सगळे मिळून आरोळी द्यायचे, एक जण सांगायचा आणि बाकीचे लांब हेल काढून उचलायचे. लांब हेल म्हणजे लांब श्वास सोडणंच की! विंच आली, हात वाचले, ते चांगलंच झालं, पण ती आरोळीही तिच्याबरोबर गेली. घरी भांडी घासताना गाणं म्हणणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या बायका उगाच शांत नव्हत्या.

एक इशारा मात्र मोठ्या अक्षरात समजा. चालू कामात डोळे मिटून ध्यान करायचं नाही. सुकाणूवर नाही, विंचजवळ नाही, जाळं सुटताना तर अजिबात नाही. तिथे ध्यान म्हणजे उघड्या डोळ्यांनी हातातल्या दोराकडे लक्ष. थकलेल्या, चिडलेल्या माणसाचं लक्ष एक क्षण हलतं आणि बोट जातं. बोट म्हणजे हाताचं बोट. आपल्या बंदरावर अशी किती माणसं आहेत ते मोजायला नको.

आता बायकांबद्दल. इथे पुरुष मंडळींनी जरा पुढे सरून ऐकावं. वरचं सगळं वाचून घरातली बाई म्हणेल, छान आहे, पण माझी दहा मिनिटं कुठली? पहाटे तीन-चारला उठून धक्क्यावर, लिलावात बोली, पाटी घेऊन बाजार, दुपारी परत, मग स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, सासऱ्यांचं औषध. बाजारात बसलेली असते तेव्हाही गिऱ्हाईक डोक्यावर. तिला 'ध्यान कर' असं सांगणं म्हणजे अजून एक काम लावणं. तिची दहा मिनिटं तिला कुणीतरी दिली तरच मिळणार. म्हणजे नवरा बंदरावरून आल्यावर पोरांना घेऊन दारात बसला, चहा त्यानेच ठेवला, आणि तेवढा वेळ तिला कुणी हाक मारली नाही, तर. ती ओट्यावर नुसती बसली, पाय मोकळे सोडून, तरी चालेल. तिने काय करायचं ते तिला ठरवू द्या.

पुढचा मुद्दा आपल्या ग्रुपचा. हा लिहिताना काही लोक रागावतील याची कल्पना आहे. एखादी बोट उशिरा असते तेव्हा ग्रुपवर जे चालतं ते आपल्याला शोभत नाही. "ऐकलंय की...", "नक्की नाही पण...", दोन वर्षांपूर्वीचा बुडालेल्या बोटीचा व्हिडिओ, कुणीतरी हात जोडलेलं चित्र टाकतो आणि शंभर जण त्याखाली हात जोडतात. त्या बोटीवरच्या खलाशाची आई तेच बघत बसलेली असते. तिला श्वास मोजायला सांगून काय उपयोग? तिचा श्वास आपणच अडकवलाय. आमचं मत असं की बोट उशिरा असेल तर संस्थेचा एकच माणूस ग्रुपवर लिहील, ठरलेल्या वेळी, सकाळी आणि संध्याकाळी. वायरलेसवर काय कळलं, तटरक्षक दलाशी बोलणं झालं का, शेजारच्या बोटींनी काय पाहिलं. काही कळलं नसेल तर 'अजून काही कळलं नाही' एवढंच. बाकीच्यांनी तोवर गप्प राहायचं. वाट बघणाऱ्याला माहीत हवं की पुढची खबर सहा वाजता आहे, म्हणजे पाच वाजेपर्यंत तरी तो मोबाईल खाली ठेवू शकेल.

हवामानाचंही तसंच. हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा इशारा बघायलाच हवा, त्यात कसूर नको. पण तो दिवसातून ठरलेल्या वेळी बघा. दर पाच मिनिटांनी वाऱ्याचा नकाशा उघडून वारा काही वळत नाही, आपलंच डोकं फिरतं.

एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण हल्ली कुणीही येऊन आपल्याला शांत राहायला सांगतो. डिझेलचा परतावा अडकला असेल, वादळाची नुकसानभरपाई आली नसेल, व्यापाऱ्याने वजनात मारलं असेल, तर त्याला उत्तर ध्यान नाही. त्याला उत्तर अर्ज, पाठपुरावा आणि गरज पडली तर मोर्चा. 'सकारात्मक विचार करा' असं सांगून कुणी आपली फाईल बाजूला सारणार असेल तर त्याला आधी फाईल मागा. शांत डोक्याचा माणूस कागद नीट वाचतो, तारीख लक्षात ठेवतो आणि टेबलापलीकडच्याला शिवी देऊन आपलीच बाजू पाडत नाही. आम्हाला शांतपणा हवा तो असा, कामाचा. दर्याला उधाण येतं तसे भांगाचे दिवसही येतात (पाण्याच्या भांगाचे, पिण्याच्या भांगेचे नव्हेत). डोलवाला तेव्हा दर्याला नावं ठेवत बसत नाही, जाळी दुरुस्त करतो.

आणि जिथे हे घरगुती उपाय पुरत नाहीत तिथे ओढून ताणून ते करत बसू नका. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, डावा हात जड झालाय, तर श्वास मोजत बसायचं नाही, सरळ इस्पितळ. तुरुंगातून आलेला, बुडता बुडता वाचलेला, डोळ्यांसमोर सोबती गेलेला माणूस डोळे मिटून बसला तर कधीकधी तेच सगळं पुन्हा दिसायला लागतं आणि भीती वाढते. त्याला डोळे उघडे ठेवून चालू द्या, कुणीतरी बरोबर चाला, आणि जाणत्या डॉक्टरकडे न्या. झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, जगून काय करायचं असं कुणी बोलायला लागलं असेल, तर 'दारूचं बोलणं आहे' म्हणून हसू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करा. बोटीवर निघण्याआधी घरच्या फोनमध्येही टाका.

आमच्या बाजूने एवढं करतोय. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात दर गुरुवारी संध्याकाळी संस्थेच्या हॉलमध्ये अर्धा तास बसायचं ठरलं आहे. भाषण नाही, पावती नाही, फोटो नाही. पाच मिनिटं श्वास, दहा मिनिटं नुसतं बसणं, मग ज्याला बोलायचं असेल त्याने बोलावं, नसेल तर चहा पिऊन घरी. बायकांची वेळ वेगळी ठेवायची की एकत्र, हे बायकांनीच खाली लिहून कळवावं, पुरुषांनी मध्ये पडू नये. त्या अर्ध्या तासात पोरांना सांभाळायला तीन नाखवे तयार आहेत, अजून दोन हवेत. चटई घरून आणा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या आहेत. मोबाईल दारातल्या टोपलीत.